झायलिटॉल दातांसाठी कसं वापरायचं (आणि शिऱ्यात का घालू नये)

सुरुवात माझ्या मूर्खपणापासूनच करते, म्हणजे पुढचं सगळं सांगताना मला फार शहाणपणा मिरवता येणार नाही. मागच्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता आणि सासरे म्हणाले, शुगर निघाल्यापासून प्रसाद नुसता कपाळाला लावून खाली ठेवायची वेळ आलीय बघ. मला वाईट वाटलं. घरात झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरायचा एक गोड पदार्थ) पाकीट होतं, लेकाची दाढ किडली तेव्हा डेंटिस्टकडे हा शब्द ऐकला होता आणि लगेच ऑनलाइन मागवलं होतं, तर म्हटलं प्रसादाचा शिरा नेहमीचा करू आणि रात्री घरच्यांसाठी यांचा वेगळा. पाकिटावर लिहिलेलं की गोडी साखरेइतकीच, माप साखरेचंच घ्या. घेतलं. वजनकाट्यावर १६० ग्रॅम मोजून घेतलं, तूप, रवा, केळं, वेलची सगळं तेच, आणि शिरा खरंच छान झाला हो. चौघांनी मिळून चापला, प्रत्येकाच्या पोटात अंदाजे ३० ग्रॅम झायलिटॉल गेलं असेल. लेक आजोळी होता म्हणून वाचला.

तासाभरात सासऱ्यांच्या पोटात गुरगुरायला लागलं, मग नवऱ्याच्या, मग माझ्या. घरात टॉयलेट एक. सासूबाई बाहेरून दार वाजवून म्हणत होत्या, "अगं संपलं का तुझं, मला जास्त वेळ नाहीये!" रात्री अकरापर्यंत हा कार्यक्रम चालला. आणि त्या गडबडीत सासूबाईंनी उरलेला वाटीभर शिरा खाली मोतीला घालायला म्हणून बाहेर काढून ठेवला होता. मोती म्हणजे सोसायटीतला कुत्रा, पंधराएक किलोचा असेल. ती वाटी मी कशी उचलली ते पुढे सांगते, कारण तो भाग खरा महत्त्वाचा आहे.

तर तेव्हापासून मी हे प्रकरण नीट वाचलंय, दोन डेंटिस्टना पिडलंय, आणि आता वर्षभर घरात व्यवस्थित वापरतोय. मला कळलेलं एवढंच की ही वस्तू तोंडात थोडी थोडी, दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची आहे, वाडगाभर खायची नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

आहे काय हे

नाव ऐकून केमिकल वाटतं. झायलॉन म्हणजे ग्रीकमध्ये लाकूड, त्यावरून नाव आलं. १८९१ च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशरच्या लॅबमध्ये लाकडापासून आणि फ्रान्समध्ये बर्ट्रांड नावाच्या शास्त्रज्ञाने गव्हा-ओटच्या काडापासून जवळपास एकाच वेळी शोधलं. फ्लॉवर, मशरूम, आलुबुखार, स्ट्रॉबेरी यात चिमूटभर असतंच, आणि आपलं शरीरही रोज काही ग्रॅम स्वतः बनवत असतं. फॅक्टरीत ते बर्च झाडाच्या लाकडापासून किंवा मक्याचे दाणे काढल्यावर जे बुरकुंड उरतं ना, त्यापासून काढतात. उसाच्या चिपाडातूनही निघतं, गुवाहाटी आयआयटीत त्यावर काम झालंय. मी कारखान्याच्या गावातली, लहानपणापासून चिपाडाचे डोंगर बघितलेत, ज्या उसाच्या साखरेने दात किडतात त्याच्याच चिपाडातून दात वाचवायची साखर निघते हे वाचून मला गंमत वाटली होती.

दिसायला हुबेहूब साखर. चवीलाही तेवढंच गोड, फक्त दाणे तसेच जिभेवर ठेवले तर गार वाटतं, पेपरमिंट खाल्ल्यासारखं, कारण विरघळताना ते तोंडातली उष्णता ओढून घेतं. साखरेत ग्रॅमला ४ कॅलरी, यात २.४. म्हणजे झिरो कॅलरी नाही हे लक्षात ठेवा, दुकानदार काहीही सांगू दे. रक्तातली साखर मात्र साखरेच्या मानाने खूपच कमी वाढवतं.

दाताला याचा उपयोग का होतो

आधी कीड कशी लागते ते बघू. दातावर जो चिकट थर बसतो (सकाळी उठल्यावर जीभ फिरवली की लागतो तो) त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स नावाचे जंतू असतात. आपण गोड खाल्लं की ते खातात आणि ॲसिड सोडतात. तोंडाचा पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम सुटायला लागतं आणि लाळेने ते पुन्हा ताळ्यावर यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. आता आपल्या घरचं बघा. सकाळी सहाला चहा-बिस्किट, आठला पुन्हा चहा, अकराला ऑफिसात कटिंग, चारला चहा-खारी, सहाला घरी आल्यावर चहा. दरवेळी अर्धा तास. डेंटिस्टने लेकाबद्दल विचारलं की चॉकलेट खूप खातो का, मी म्हटलं छे, महिन्यातून एखादं. मग त्यांनी विचारलं बिस्किटं? तिथे माझी बोलती बंद झाली, कारण तो पुडा दिवसभर डायनिंग टेबलवर उघडाच असतो आणि येता-जाता एक-एक उचलतो. एका वेळी किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं याचा दाताला जास्त त्रास होतो.

झायलिटॉलची गंमत अशी की ते जंतू त्याला साखर समजून आत ओढतात, पण त्यांना ते पचत नाही. आत घ्यायला ताकद खर्च, मग बाहेर टाकायला ताकद खर्च, हातात काहीच नाही. ॲसिड तयार होत नाही आणि असं वारंवार होत राहिलं की ते जंतू कमी होत जातात, थरही आधीसारखा चिकट राहत नाही. शिवाय गम चघळला की लाळ सुटते, आणि लाळेइतकं दाताला दुसरं कुणी सांभाळत नाही.

हे सगळं गाजलं ते फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून. १९७० च्या दशकात तिथे शायनिन आणि मॅकिनेन या दोघांनी सव्वाशे लोकांना दोन वर्षं तीन गटांत ठेवलं, एका गटाच्या खाण्यात नेहमीची साखर, दुसऱ्याच्या फ्रुक्टोज, तिसऱ्याच्या झायलिटॉल. दोन वर्षांनी साखरवाल्यांच्या तोंडात सरासरी ७.२ नव्या किडक्या जागा, फ्रुक्टोजवाल्यांच्या ३.८, झायलिटॉलवाल्यांच्या शून्य. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये झायलिटॉलचा गम बाजारात आला आणि आज तिथल्या पाळणाघरांतसुद्धा जेवणानंतर मुलांना झायलिटॉलची गोळी देतात.

पण थांबा, लगेच हुरळून जाऊ नका. नंतरचे सगळे अभ्यास इतके गोड नाहीत. अमेरिकेत ६९१ मोठ्या माणसांना ३३ महिने रोज ५ ग्रॅमच्या गोळ्या दिल्या, २०१३ मध्ये निकाल आला तर एकूण किडीत म्हणावा असा फरक नव्हता. २०१५ मध्ये कॉक्रेन नावाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले, त्यात जरा बरं दिसलं ते टूथपेस्टमध्ये, फ्लोराइड अधिक १० टक्के झायलिटॉल असलेली पेस्ट नुसत्या फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा मुलांमध्ये अडीच-तीन वर्षांत साधारण १३ टक्के कमी कीड, आणि तो पुरावाही त्यांनी कमी दर्जाचाच म्हटला. गम आणि गोळ्यांबद्दल ठाम बोलण्याइतकं हाती लागलं नाही असं त्यांचं म्हणणं. उलट युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये शंभर टक्के झायलिटॉलवाल्या गममुळे मुलांच्या किडीचा धोका कमी होतो हा दावा मान्य केला. म्हणजे मतं दोन आहेत. मी स्वतः काय धरून चालते ते सांगते: फ्लोराइडची पेस्ट आणि दोन वेळचं ब्रश हा वरण-भात, झायलिटॉल म्हणजे ताटातलं लोणचं. नुसत्या लोणच्यावर जेवण होत नाही.

किती आणि कधी

दिवसाला ५ ते १० ग्रॅम, तेही एका दमात नाही, तीन ते पाच वेळा विभागून. साडेतीन ग्रॅमच्या खाली फारसा उपयोग दिसत नाही, दहाच्या वर गेल्याने दाताला जास्तीचा फायदा नाही, फक्त पोटाला त्रास. मोठा माणूस असेल तर ६ ग्रॅम धरा, म्हणजे दोन-दोन ग्रॅम तीनदा.

वेळ म्हणजे खाल्ल्या खाल्ल्या लगेच. नाश्ता झाला, जेवण झालं, चहा-बिस्किट झालं की. इथे मला आपल्याकडची एक सवय फार खटकायला लागलीय, हॉटेलात बिलासोबत येते ती बडीशेप-खडीसाखर. जेवण संपलं, आता लाळ तोंड साफ करायच्या कामाला लागणार, तर आपण नेमकी त्याच वेळी खडीसाखर दाढेत ठेवून चोखत बसतो. त्या जागी दोन गम चघळा, किंवा बडीशेप नुसती खा, झालं. आणि जेवल्यावर चूळ भरायची आपल्या आजी-आजोबांची सवय एकदम बरोबर होती, ती सोडू नका, आधी खळखळून चूळ, मग गम.

गम पाच ते दहा मिनिटं चघळायचा. गोडी गेली की झायलिटॉल संपलं असं समजा, मग उगाच तासभर रवंथ करत बसायची गरज नाही.

रात्री ब्रश झाल्यावर मात्र आमच्याकडे काहीही नाही, झायलिटॉल पण नाही. पेस्ट थुंकून टाकायची आणि भसाभस पाण्याने धुवायचं नाही, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्यायचं. हे एक तर मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात उभं राहून पाकीट कसं वाचायचं

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणजे खोटं कोणी बोलत नाही पण पुढे मोठ्या अक्षरात झायलिटॉल आणि मागे बारीक अक्षरात भलतंच.

पाकीट उलटं करा. घटक पदार्थ जास्त ते कमी अशा क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव सॉर्बिटॉल, दुसरं माल्टिटॉल, मग गम बेस आणि शेवटून तिसरं झायलिटॉल असेल तर ते नावापुरतं आहे. नावं न लिहिता नंबर असतील तर हे पाठ करा: झायलिटॉल ९६७, सॉर्बिटॉल ४२०, माल्टिटॉल ९६५, मॅनिटॉल ४२१, एरिथ्रिटॉल ९६८. सॉर्बिटॉल वाईट आहे असं नाही, साखरेपेक्षा बरंच आहे, पण ते म्यूटन्स जंतूंना हळूहळू का होईना पचवता येतं, झायलिटॉल येत नाही, पैसे आपण त्या फरकाचे देतो.

मी एकदा बसून हिशोब केला. समजा एक गम दीड ग्रॅमचा आणि त्यात झायलिटॉल २० टक्के, म्हणजे ०.३ ग्रॅम. दिवसाचे ६ ग्रॅम करायला वीस गम! जबडा निखळेल. याउलट फक्त झायलिटॉलवर गोड केलेल्या गममध्ये एका नगात साधारण १ ग्रॅम मिळतं, म्हणजे दोन-दोन नग तीन वेळा, काम झालं. असे गम नेहमीच्या पानपट्टीवर क्वचितच मिळतात, ऑनलाइन किंवा मोठ्या मेडिकलमध्ये बघावे लागतात आणि स्वस्त नाहीत.

आपल्याकडे अशा पाकिटावर पॉलिऑलमुळे (म्हणजे झायलिटॉल, सॉर्बिटॉल या जातीच्या गोड पदार्थांमुळे) जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापलेली असते. आमच्या पण पाकिटावर होती. शिऱ्याच्या दिवशी ती कोणी वाचली नाही एवढंच.

ज्यांना गम चालत नाही त्यांचं काय? कवळीवाले, जबडा कटकट वाजणारे, ब्रेसेस लावलेली मुलं, हलणारी कॅप असलेले, यांनी चघळायच्या भानगडीत पडू नये. त्यांच्यासाठी झायलिटॉलच्या चोखायच्या गोळ्या मिळतात. नाहीतर घरगुती उपाय म्हणजे दाणेदार झायलिटॉल सपाट अर्धा चमचा, ते साधारण २ ग्रॅम भरतं, तोंडात टाकायचं, लाळेत विरघळू द्यायचं, मिनिटभर सगळीकडे घोळवायचं आणि मग थुंका किंवा गिळा. सासूबाई हेच करतात. त्यांना बीपीच्या गोळीने तोंड कोरडं पडायचं, रात्री उठून पाणी प्यायच्या, त्यांना या गारव्याने लाळ सुटते आणि बरं वाटतं म्हणतात. मध्ये एकदा त्यांनी विचारलं की मशेरी लावून झाल्यावर हे खाल्लं तर चालेल का. मी म्हटलं आई, आधी मशेरी सोडा, तंबाखूवर याचा काडीचा उपयोग नाही. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं नव्हतं.

लहान मुलांसाठी

गम चार-पाच वर्षांच्या आत देऊच नका, घशात अडकायची भीती असते. त्याआधी पेस्ट पुरे, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, आणि ब्रश तुम्ही करून द्यायचा, पोरगं स्वतः करतं म्हणजे पुढचे चार दात ओले करतं. आमच्याकडे लेक आता आठ वर्षांचा आहे, त्याला दुपारच्या डब्यानंतर आणि संध्याकाळच्या खाण्यानंतर एक-एक गम किंवा गोळी मिळते. शाळेत गम चालत नाही म्हणून डब्याच्या झाकणात कागदात गुंडाळून एक गोळी. पहिल्या आठवड्यात त्याने ती मित्राला विकली होती, पेन्सिलच्या बदल्यात. असो.

मुलांचं पोट लवकर बिघडतं म्हणून सुरुवात अगदी थोड्याने करा, दिवसाला एक-दोन ग्रॅम, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. मोठ्यांनीही असंच करावं, पोटाला सवय होते.

आणखी एक गोष्ट जी नवीन आयांना कोणी सांगत नाही. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात हे म्यूटन्स जंतू नसतात, ते बहुतेक वेळा आईच्या तोंडातूनच जातात, चमचा आधी आपण चाटून बघतो, पडलेली चोखणी आपल्या तोंडात घालून साफ करतो, तिथून. फिनलंडमध्येच असं बघितलं गेलं की बाळ तीन महिन्यांचं असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत ज्या आयांनी नियमित झायलिटॉलचा गम खाल्ला त्यांच्या मुलांमध्ये हे जंतू कमी गेले आणि दातही कमी किडले. म्हणजे बाळासाठी करायचं तर आईने करायचं. बाळाच्या दुधात, बाटलीत हे घालायचं नाही.

किचनमध्ये वापरायचं का

चहात चालतं. चमच्याला चमचा साखरेइतकंच, आणि विरघळलेलं असल्यामुळे तो गारवा लागत नाही. दिवसात दोन कप, प्रत्येकी एक चमचा, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास, इथपर्यंत ठीक. पण मग गमचे ग्रॅम त्यातच धरायचे, वेगळे नाही. आणि चहा घटकन पोटात जातो, दाताजवळ फारसा थांबत नाही, त्यामुळे दातासाठी म्हणून चहात घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, साखर टळली हाच फायदा.

बाकी पदार्थांचं म्हणाल तर मी करून बघितलंय. पाक करायला गेलात तर एकतारी-दोनतारीचं आपलं गणित लागू पडत नाही, पाक पातळ राहतो आणि गार झाल्यावर खडे धरतो. चिक्की विसरा, हे शंभर डिग्रीच्या आतच वितळतं पण साखरेसारखं तांबूस होत नाही, कॅरमल नाहीच. यीस्टच्या पावात घातलं तर यीस्टला ते खाता येत नाही, पीठ फुगत नाही. केक होतो पण वरून खरपूस रंग येत नाही. श्रीखंडात चांगलं मिसळतं, पण श्रीखंड कोणी दोन चमचे खातं का? वाटीभर श्रीखंडात वीस-पंचवीस ग्रॅम सहज जातं, आणि मग आमच्या सत्यनारायणाच्या रात्रीची पुनरावृत्ती. झायलिटॉलचा मोठा भाग आतड्यात शोषला जात नाही, तो पाणी ओढतो, मग तिथले जंतू ते आंबवतात, गॅस होतो, पुढचं तुम्हाला कळलंच. मोठ्या माणसाला एका बैठकीत २०-३० ग्रॅमला त्रास सुरू होऊ शकतो.

मिठाईत न घालायचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी युरोपियन हार्ट जर्नलमध्ये एक अभ्यास छापला, ज्यांच्या रक्तात झायलिटॉल जास्त त्यांच्यात हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं, आणि ३० ग्रॅम झायलिटॉलचं पेय प्यायलेल्या लोकांच्या रक्तात त्याचं प्रमाण हजारपट वाढून काही तास तसंच राहिलं, त्या वेळात रक्तातल्या प्लेटलेट गुठळी करायला जास्त तयार दिसल्या. यातून झायलिटॉलनेच ॲटॅक येतो असं सिद्ध होत नाही, आणि त्या संशोधकांनीही टूथपेस्ट फेकून द्या असं म्हटलेलं नाही, त्यांचा रोख मोठ्या प्रमाणात खाण्यावर आहे. पण हार्टचा त्रास, स्टेंट, आधी स्ट्रोक असं काही असेल तर झायलिटॉलचे केक-बिस्किटं-मिठाई यापासून लांब राहा आणि गमबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्या सासऱ्यांच्या डॉक्टरांनी मिठाई साफ बंद केली, जेवणानंतर गमला हो म्हणाले. डायबेटिस असेल तरी हेच, स्वतःच्या मनाने साखरेचा डबा रिकामा करून त्यात हे भरू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन कमी करायला शुगर-फ्री स्वीटनर वापरू नका असं सांगितलं होतं ना, ती व्हॉट्सॲपवर फिरणारी बातमी झायलिटॉलला चिकटवतात, पण त्या सूचनेत ही पॉलिऑल मंडळी धरलेलीच नव्हती.

कुत्रा असेल तर हे आधी वाचा

माणसाला जुलाब होतात, कुत्रा मरू शकतो. कुत्र्याच्या पोटात झायलिटॉल गेलं की त्याचं शरीर भसकन इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर धाडकन खाली येते, कधी अर्ध्या तासातच. उलटी, लडखडणं, मलूल पडणं, झटके. जास्त गेलं तर लिव्हर निकामी होतं. किलोला ०.१ ग्रॅम एवढंसं पुरतं साखर पाडायला, म्हणजे दहा किलोच्या बीगलला १ ग्रॅम, एक गम! किलोला अर्ध्या ग्रॅमच्या पुढे लिव्हरचा धोका.

त्या रात्री टॉयलेटची वाट बघत मी मोबाइलवर झायलिटॉल आणि पोट असं काहीतरी शोधत होते आणि पहिल्याच पानावर कुत्र्याचं आलं. डोळ्यासमोर ती दाराजवळची वाटी आली. हिशोब केला, वाटीत ४० ग्रॅम तरी, मोती पंधरा किलोचा, म्हणजे किलोला अडीच ग्रॅमच्या वर. पोट धरून पळत गेले आणि वाटी उचलली. मोती तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून शेपूट हलवत होता.

तर पर्समध्ये गम असेल तर पर्स खुर्चीवर लटकवू नका. कुत्र्याला पीनट बटर देत असाल तर आधी लेबल बघा, काहींमध्ये हे असतं. माणसांची पेस्ट कुत्र्याला नको. आणि खाल्लंच तर लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, पाकीट हातात घेऊन सरळ व्हेटकडे, कारण गममधून ते हळूहळू सुटतं आणि काही तासांनीही त्रास होतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचे प्रयोग करू नका. गल्लीतल्या कुत्र्यांना उरलंसुरलं घालणाऱ्यांनी तर जास्तच जपा, त्यांना कोणी व्हेटकडे नेणारं नसतं.

काही बारीकसारीक

फरक आठवड्यात दिसत नाही. सहा महिन्यांनी डेंटिस्टकडे गेलात की ते सांगतील. आणि ज्या दाढेला खड्डा पडलाय, थंड-गरम लागतंय, रात्री ठणकतेय, ती झायलिटॉलने भरून येत नाही, तिथे लवकरात लवकर फिलिंगच, नाहीतर रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च. आमच्या लेकाची ती दाढ भरूनच घ्यावी लागली. त्यानंतर वर्षभरात नवी कीड नाही, पण त्याचं श्रेय गमला द्यायचं, रात्रीच्या ब्रशला की टेबलवरून उठलेल्या बिस्किटाच्या पुड्याला, हे मी ठरवू शकत नाही. नवरा म्हणतो गमला. मला तर पुड्यालाच द्यावंसं वाटतं.

दाणेदार झायलिटॉल पावसाळ्यात दमट हवेत ओल धरतं, गोळे होतात, त्यामुळे घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि कोरडा चमचा. आणि ती साखरेच्या डब्याशेजारी ठेवू नका, दिसायला दोन्ही सारखंच, पाहुण्यांनी चहात तीन चमचे घातले की संपलं. आमची बरणी आता औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर असते. सासूबाईंनी त्यावर मार्करने लिहिलंय "दाताची साखर", आणि खाली, जागा उरली नव्हती म्हणून तिरकं, "मोतीला नाही".